मोफत घड्याळ आणि दरमहा ४९९ रुपयांची कपात

प्रश्न (मुलुंड): दादर स्थानकाबाहेरच्या एका स्टॉलवर माझ्या आईला मनगटी घड्याळ ‘मोफत’ देऊन, केवळ नोंदणीचा १ रुपया म्हणून तिच्याकडून यूपीआय पिन टाकून घेतला. आता दरमहा ४९९ रुपये कापले जात आहेत. त्यांचे अ‍ॅप काढून टाकले, तरी कपात सुरूच आहे.

उत्तर (गोरेगाव): अ‍ॅप काढल्याने मॅन्डेट, म्हणजे खात्यातून ठरावीक काळाने पैसे कापण्याची दिलेली परवानगी, संपत नाही. तो १ रुपया म्हणजेच ऑटोपेची (आपोआप होणाऱ्या कपातीची) संमती होती. आईंच्या यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ विभागात जाऊन मॅन्डेट रद्द करावा. विक्रेता फोनवर काहीही सांगो. रद्द करण्यापूर्वी त्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र अवश्य घ्यावा.

उत्तर (परळ): रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कपातीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. जाहिरातींच्या एसएमएसमध्ये ती हरवते, हा भाग वेगळा. तरीही जुने संदेश तपासावेत.

उत्तर (बोरिवली): पैसे परत मिळवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या १३ ‘डार्क पॅटर्न’मध्ये (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांमध्ये) ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ (ग्राहकाला वर्गणीत अडकवणे) स्पष्टपणे नमूद आहे, त्याचा तक्रारीत उल्लेख करावा.