लिमामध्ये अडीच दिवस, आम्ही दोघंच. काय बघावं, काय खावं?

मेधा_ठाणे: लग्नाला २५ वर्षं होतायत म्हणून ऑगस्टमध्ये पेरूला चाललोय, कुस्कोला जायच्या आधी लिमात अडीच दिवस आहेत. मिराफ्लोरेस या लिमातल्याच भागात हॉटेल घेतलंय. समुद्रावर सूर्यास्त बघायचा आहे. नवरा मासेखाऊ आणि मी शाकाहारी, अंडंही नाही. प्लीज सुचवा.

गवतीचहा: मेधाताई, सूर्यास्ताची आशा फार ठेवू नका हो. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा, समुद्रातला हम्बोल्ट प्रवाह थंडगार, त्यामुळे दिवसच्या दिवस आभाळ पांढरट असतं आणि बारीक भुरभुर, तिला गारुआ म्हणतात. खरा पाऊस जवळजवळ नाहीच, छत्री राहू दे पण स्वेटर घ्या. तरी कड्यावरच्या मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, संध्याकाळी चालाच, खाली धुक्यात लाटांचा नुसता आवाज येतो, मला तेच जास्त आवडलं. तिथेच पार्के देल आमोर आहे, जोडप्याचा मोठा पुतळा आणि मोझाइकची वळणावळणाची भिंत, तुमच्या पंचविशीचा फोटो तिथेच काढा.

रानजाई: खाण्याचं मी सांगते, मीपण शाकाहारी. नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणू नका, चिकन घालून आणतात! "नी कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो" (मांस, चिकन, मासे काहीच नको) असं तिन्ही सांगायचं, अंड्यासाठी "सिन उएवो". काउसा म्हणजे लिंबू-मिरची घातलेल्या बटाट्याचे थर, आत अवोकाडो घालून मागा, मेयोनेज नको म्हणून सांगा कारण त्यात अंडं असतं. आणि पिकारोनेस सोडू नका, लाल भोपळा आणि रताळ्याची तळलेली कडी, वरून पाक, मला तर थेट काकवीची आठवण झाली (पिठात अंडं नाही ना तेवढं विचारा). नवऱ्याला सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे मासे) दुपारीच खायला घाला, लोक तिथे ते जेवणाच्या वेळेलाच खातात, बरीच ठिकाणं संध्याकाळी बंद.

गवतीचहा: मिराफ्लोरेसमध्येच उआका पुक्याना आहे, इंकांच्या कितीतरी आधीचा मातीच्या विटांचा पिरॅमिड. विटा फडताळातल्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्यात, मध्ये फटी, भूकंपात हलल्या तरी कोसळू नयेत म्हणून. जवळून बघताना मी तर तिथून हलेचना.

मेधा_ठाणे: खूप खूप आभार दोघींचे! लिमातला बारांको हा भाग एका संध्याकाळीत होईल का?

रानजाई: आरामात. तिथे उसाश्यांचा पूल आहे, पहिल्यांदा जाताना श्वास रोखून पार केलात तर इच्छा पूर्ण होते म्हणतात. दोघांनी मिळून करा. रस्त्यावरच्या टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवा. आणि कुस्कोच्या विमानासाठी लवकर निघा, ट्रॅफिक भयंकर असतो.