लॅम्बर्ट हिमनदी: शोधाचं साल कोणतं द्यायचं?

प्रश्न
पूर्व अंटार्क्टिकातल्या लॅम्बर्ट हिमनदीवर नोंद लिहितोय. शोधाचं साल कुठे १९४६-४७ मिळतं, कुठे १९५२, कुठे १९५७. जुन्या अमेरिकी नामसूचीत तर हीच हिमनदी 'बेकर थ्री' नावाने आहे. एकच साल द्यायचं तर कोणतं? आणि आधीचं नाव मागे कसं पडलं?

नकाशावाचक
एकच साल देऊ नका. तिन्ही बरोबर आहेत, फक्त कामं वेगळी. ऑपरेशन हायजम्पमध्ये (१९४६-४७) अमेरिकी नौदलाच्या विमानांनी फोटो काढले. ते तपासून १९५२ मध्ये हिमनदीची हद्द आखली अमेरिकी भूगोलतज्ज्ञ जॉन रॉस्को यांनी, आणि नावही त्यांनीच दिलं. या किनाऱ्यावर तीन उड्डाणं केलेल्या विमानाचं आणि त्याच्या चमूचं सांकेतिक नाव होतं 'बेकर थ्री'. १९५६ च्या अमेरिकी नामसूचीत हिमनदीचं वर्णन आलं, पण छापील नकाशावर ती लगेच चढली नाही. घात झाला तो इथे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेने हा भाग नकाशात बसवला आणि १९५७ मध्ये त्यांच्या नाव समितीने ब्रूस लॅम्बर्ट यांचं नाव दिलं. ते तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नकाशा विभागाचे संचालक होते. तेच रूढ झालं.

नोंदीत 'फोटो १९४६-४७, हद्द १९५२, सध्याचं नाव १९५७' असं सरळ लिहा.

दक्षिणध्रुव
वरच्याशी सहमत. पडताळणीसाठी स्कारची (अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती) एकत्रित नामसूची बघा, पण ती नावं मंजूर करत नाही, देशोदेशीच्या समित्यांनी दिलेली नावं गोळा करते. अंटार्क्टिकात अंतिम निर्णय देणारी आंतरराष्ट्रीय संस्थाच नाही, म्हणून एकाच हिमनदीच्या अनेक नोंदी निघतात. नावाने शोधलं तर त्यातल्या निम्म्या हुकतील. अक्षांश-रेखांशाने शोधा आणि चौकट मोठी ठेवा, कारण शेकडो किलोमीटर लांब हिमनदीला सूचीत एकच बिंदू असतो आणि प्रत्येक देश तो वेगळ्या जागी धरू शकतो.

नामसाधर्म्यही नडतं. टेलर नावाच्या दोन हिमनद्या आहेत, एक व्हिक्टोरिया लँडमध्ये, दुसरी मॅक रॉबर्टसन लँडमध्ये. उलट प्रकार म्हणजे बर्फ एकच, नावं दोन: डेव्हिड हिमनदीचा समुद्रात गेलेला भाग म्हणजे ड्रायगाल्स्की हिमजिव्हा. जिव्हा स्कॉटच्या मोहिमेला १९०२ मध्ये दिसली, हिमनदी शॅकल्टनच्या मोहिमेतल्या डेव्हिड यांच्या तुकडीला १९०८ मध्ये. एकीचं साल दुसरीला चिकटवू नका.

नकाशावाचक
व्हिक्टोरिया लँडची टेलर आणखी नाजूक आहे. स्कॉटच्या पहिल्या मोहिमेने (१९०१-०४) ती पाहिली, पण फेरार हिमनदीचाच भाग समजून. दोन हिमनद्या काही अंतर एकमेकींना चिकटून वाहतात आणि पुन्हा फुटतात, हे पुढच्या मोहिमेत (१९१०-१३) कळलं. मग भूशास्त्रज्ञ ग्रिफिथ टेलर यांचं नाव मिळालं. तिच्या नोंदीत 'पाहिली' आणि 'वेगळी म्हणून ओळखली' ही दोन क्रियापदं स्वतंत्र ठेवा.