संरक्षक भिंत आणि पलीकडचा काठ : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१०२ : सर्व सभासदांना नमस्कार. नदीचे पाणी आज पुन्हा मागच्या फाटकाच्या दुसऱ्या पायरीला लागले आहे. मागच्या पुराची गाळाची रेघ आमच्या मीटरच्या पेटीखाली अजून तशीच आहे, आणि वार्षिक सभेत मंजूर झालेल्या संरक्षक भिंतीची एक वीटही रचली गेलेली नाही. तळमजल्यावरच्यांनी आणखी किती वेळा जिन्यात गाद्या वाळवायच्या, हे समितीने लेखी कळवावे.

सचिव : काम का थांबले, हे आपणास ठाऊक आहे. पलीकडच्या सोसायटीने लेखी हरकत घेतली आहे.

सी-४०३ : त्यांनी काठावर भराव टाकून फिरण्याचा रस्ता केला, तेव्हा आपली संमती घेतली होती का?

बी-३०१ : घेतली नव्हती, आणि त्याचे फळ आपण भोगले. एका काठावर भराव किंवा भिंत झाली की पाण्याला पसरायला जागा कमी उरते, येणारे पाणी मात्र तेवढेच असते. त्यामुळे पातळी चढते आणि समोरच्या काठावर व वरच्या अंगालाही फुगवटा येतो. आपण भिंत बांधली तर ते फूटभर उंच बांधतील, मग आपण दोन फूट. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी केली, पण अशा चढाओढीत नदी हरलेली मी पाहिली नाही.

ए-१०२ : भिंतीचा ठराव बहुमताने मंजूर झालेला आहे, याची नम्र आठवण.

डी-२०२ : शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर नुकताच येऊन गेला, म्हणजे आता आपण नव्वद-पंच्याण्णव वर्षे निश्चिंत आहोत, असे समजावे काय?

बी-३०१ : तसे नसते. त्याचा अर्थ, दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का असते. तीस वर्षे याच घरात राहिलात, तर तो एकदा तरी पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

डी-२०२ : काका, तीस वर्षांनी माझे गृहकर्जही फिटत आलेले नसेल.

सी-४०३ : विनोद पुरे. पुराच्या रात्री डी विंगच्या गाड्या चढावावर आडव्या लावल्याने आमच्या दोन गाड्या तळघरातच राहिल्या, याचा खुलासा आजतागायत झालेला नाही.

अध्यक्ष : पार्किंगचा विषय कृपया येथे नको.

बी-३०१ : ऱ्हाइन नदीकाठच्या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासून आहे. पुढे १९९३ आणि १९९५ मध्ये लागोपाठ महापूर आले, दुसऱ्या वेळी एकट्या नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली, तेव्हा कुठे १९९८ मध्ये पुराचा एकत्रित कृती आराखडा झाला. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशानुसार, शेजारी देशातील पुराचा धोका लक्षणीय वाढवणारा उपाय त्याच्याशी समन्वय साधून तोडगा निघाल्याशिवाय आराखड्यात घेता येत नाही.

सी-४०३ : आपल्या दोन सोसायट्यांचे वॉचमनच्या शिट्टीवरून एकमत होत नाही, तिथे ऱ्हाइन कशाला?

बी-३०१ : मग कृष्णा घ्या. २०१९ च्या पुरानंतर अलमट्टीवरून दोन राज्यांत पुष्कळ वादावादी झाली, तरीही जून २०२१ मध्ये दोन्हीकडचे लोक बंगळुरूला एकत्र बसले आणि पुराच्या काळात समन्वय ठेवण्याचे ठरले.

ए-१०२ : भिंतीचा ठराव बहुमताने मंजूर झालेला आहे.

बी-१०४ : दादा, मीही तळमजल्यावरच राहते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. त्या रात्री पलीकडचा वॉचमन एक वाजल्यापासून आपल्या दिशेने बॅटरी हलवत होता. त्यांच्या पायऱ्या आपल्यापेक्षा खोल, त्यामुळे पाणी त्यांना आधी दिसते. आपल्या वॉचमनला वाटले, तो मस्करी करतो आहे. आपल्याकडे पाणी साडेतीनला शिरले. अडीच तास हाती होते, आणि कोणाकडे कोणाचा नंबर नव्हता. शिवाय आपल्या तळघराचा पंप लावला तेव्हा त्याचा पाइप आपण खालच्या सोसायटीच्या कुंपणावरून आत सोडला होता, हेही त्यांच्या लक्षात असणार.

सचिव : पाइपचा निर्णय समितीचा नव्हता.

बी-१०४ : पाणी मात्र आपलेच होते, सचिवसाहेब.

अध्यक्ष : पलीकडच्या अध्यक्षांशी आताच फोनवर बोललो. त्यांनी आधी दहा मिनिटे आपल्या पंपाविषयी ऐकवले. पंप खालच्यांच्या कुंपणात सोडला होता, तरी बातमी पलीकडे पोचलेली आहे. त्यानंतर मात्र भराव जेथे नदी वळते तेथे मोकळा करण्याविषयी बोलण्यास ते तयार झाले. तिन्ही सोसायट्यांच्या वॉचमनचे नंबर आज रात्रीच एकमेकांना दिले जातील. भिंतीचा विषय तोवर स्थगित राहील. रविवारी सकाळी आठ वाजता पुलावर भेट ठरली आहे.

सी-४०३ : मी येईन, पण भरावाचे मोजमाप टेप लावून माझ्यासमोर व्हावे.

ए-१०२ : मीही येईन. ठरावाची प्रत सोबत आणतो.