'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर': फ्रान्सने घरच्याच सिनेमाला न्याय दिला का?

रानवारा
माझं मत: नाही दिला. सेलीन सियामाच्या या सिनेमात चित्रकार मारियान एलोईजचं लग्नासाठी चित्र काढायला येते आणि दोघी प्रेमात पडतात. त्याला मे २०१९ मध्ये कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक आणि क्विअर पाम (समलैंगिक विषयांवरच्या सिनेमांसाठीचा पुरस्कार) मिळालं. सप्टेंबरात तो फ्रान्समध्ये लागला. पुढे सेझार या फ्रान्सच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दहा नामांकनं आणि पदरात एकच पुरस्कार, क्लेअर मातोंच्या छायाचित्रणाला. फ्रान्सतर्फे ऑस्करला तर लाज ली यांचा 'ले मिझेराब्ल' गेला. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२ च्या सर्वकालीन श्रेष्ठ सिनेमांच्या समीक्षक-यादीत मात्र हाच सिनेमा तिसावा!

तळ्यातमळ्यात
ऑस्करची तक्रार पटत नाही. 'ले मिझेराब्ल'ला कानला ज्युरी पारितोषिक होतं, ऑस्कर नामांकनही मिळालं, सेझारचा सर्वोत्कृष्ट चित्रपटही तोच. मग निवड चुकली कुठे?
आणि सिनेमाबद्दलच बोलायचं तर, १७७० चं फ्रान्समधलं ब्रिटनी इतकं गोडगोड? स्वयंपाकघरात मोलकरीण सोफी भरतकाम करत बसलीय आणि मालकीणबाईंची मुलगी एलोईज रांधतेय. दिसायला सुरेख, पण त्या काळची उतरंड गेली कुठे?

रानवारा
अहो, आई घरात नाही म्हणून! ती पाच दिवस बाहेर जाते, तेवढ्यातच हे घडतं. ती परतते आणि सगळं जागच्या जागी येतं: तयार चित्र खोक्यात बंद होतं, मिलानचं स्थळ ठरतं. उतरंड दाखवायला दरवेळी चाबूक कशाला हवा? शेवटी शेवटी मारियान स्वतःचं चित्र वडिलांच्या नावावर प्रदर्शनात लावते, ते बघा. फ्रान्सच्या शाही चित्र-शिल्प अकादमीत तेव्हा बायकांना चारच जागा होत्या.

काजळरेघ
मला सोफीचा गर्भपात आठवतो. ती खाटेवर पडलीय, शेजारी एक तान्हं बाळ, आणि ते तिचं बोट धरतं. मारियान तोंड फिरवते, तर एलोईज तिला म्हणते, बघ. नंतर रात्री तोच प्रसंग उभा करून तिच्याकडून त्याचं चित्र काढून घेते. मोलकरणीचं दुखणं चित्राचा विषय व्हावं, हे गोडगोड वाटलं तुम्हाला?

तळ्यातमळ्यात
नाही, तो प्रसंग जबरदस्तच आहे. पण अशा दोन-तीन जागा सोडल्या तर सिनेमा फार संथ. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, शेकोटीभोवतीचं बायकांचं गाणं आणि विवाल्डीची रचना एवढंच. सामान्य प्रेक्षक कंटाळला तर त्याला अरसिक ठरवू नका.

काजळरेघ
प्रेक्षकाला कोण बोल लावतंय? प्रश्न पुरस्कार देणाऱ्यांचा आहे. २८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री सेझारने दिग्दर्शनाचा पुरस्कार रोमान पोलान्स्कींना दिला. १९७७ साली अल्पवयीन मुलीशी लैंगिक संबंधांचा गुन्हा कबूल करून पुढच्या वर्षी अमेरिकेतून पळालेला माणूस! एलोईज साकारणारी आदेल एनेल उठून चालती झाली, तिच्यामागे सियामाही.

तळ्यातमळ्यात
त्या निर्णयाचा मलाही संताप आला होता. तरीही तो राग वेगळा आणि या सिनेमाची प्रत वेगळी. पटकथेचा सेझार याला मिळायला हवा होता, एवढं मान्य. सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून माझं मत आजही 'ले मिझेराब्ल'लाच.