कॉर्नवॉलला शिफ्ट होतोय, तिकडची माहिती हवी आहे

नवा_मुक्काम:
बायकोला इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो शहरात नोकरी लागलीय, दोन महिन्यांत मँचेस्टरहून सामान हलवायचंय. समुद्रकिनारे झकास आहेत एवढंच ऐकून आहे, पण मलाही तिकडे काम शोधायचंय, तर तिथली माणसं नेमकी कशावर जगतात? आणि ऑफिसमधला एकजण म्हणाला की तिथल्या लोकांना इंग्लिश म्हणू नकोस, ते का?

टेमरकाठ:
त्याने बरोबर सांगितलंय. कॉर्नवॉलच्या पूर्व सीमेवरची टेमर नदी उत्तर किनाऱ्यापासून जेमतेम काही किलोमीटरवर उगम पावते आणि दक्षिणेला प्लिमथपाशी समुद्राला मिळते, म्हणजे कॉर्नवॉल जवळजवळ बेटच झालं. त्यांची कॉर्निश भाषा वेल्सच्या वेल्श भाषेच्या जवळची. १५४९ मध्ये चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादलं तेव्हा कॉर्नवॉल आणि शेजारच्या डेव्हन परगण्यातली माणसं बंड करून उठली आणि हजारोंनी मारली गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस भाषा बोलण्यातून जवळपास गेली, पण लोकांनी ती पुन्हा शिकायला घेतली, आता रस्त्यांच्या पाट्यांवरही दिसते. २०१४ मध्ये सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यताही दिली. तेव्हा 'कॉर्निश' म्हणा, समोरचा खूश होईल.

खाणवाला:
जगायचं म्हणाल तर आधी कथील आणि तांबं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तांब्यात कॉर्नवॉल जगात आघाडीवर होतं. खाणीतलं पाणी उपसायला वाफेची इंजिनं लागायची, त्यातूनच ट्रेव्हिथिकसारखा इंजिनिअर घडला, १८०१ मध्ये कॅम्बोर्न गावाच्या चढावर त्याने वाफेची गाडी चालवून दाखवली. पश्चिमेला बोटॅलॅकला नक्की जा, कड्याच्या पार कडेला इंजिनघरं उभी आहेत आणि खाणीचे बोगदे थेट समुद्राखाली गेलेत, वादळात डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे गडगडत जायचे ते आत काम करणाऱ्यांना ऐकू यायचं, मला तर नुसतं वाचूनच पोटात गोळा आला होता. १८६० च्या दशकात तांब्याचे भाव कोसळले आणि माणसं ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका मिळेल तिकडच्या खाणींत गेली. शेवटची कथलाची खाण साउथ क्रॉफ्टी, ती १९९८ ला बंद पडली.

रूळप्रेमी:
रेल्वेबद्दल मी सांगतो. १८५९ मध्ये सॉल्टॅशला इंजिनिअर ब्रुनेलने बांधलेला रॉयल अल्बर्ट हा रेल्वेपूल झाला आणि टेमर ओलांडून गाडी आली. तोवर ब्रुनेल इतका आजारी होता की उद्घाटनाला येऊच शकला नाही, नंतर उघड्या वॅगनवर कोचावर पडल्या पडल्या त्याला पुलावरून नेलं आणि त्याच वर्षी तो गेला. आजही त्या पुलावर एकच रूळमार्ग आहे, तुमची गाडी त्याच्यावरून रांगतच जाईल, तेव्हा खिडकीची जागा पकडा. लंडन ते पेन्झान्स, म्हणजे कॉर्नवॉलमधलं शेवटचं स्टेशन, साधारण पाच तास, रात्रीची स्लीपरही आहे. पण ही लाइन डेव्हनमध्ये डॉलिशला अगदी लाटांना खेटून जाते, फेब्रुवारी २०१४ च्या वादळात तिथली भिंतच वाहून गेली आणि पेन्झान्सपर्यंतचा सगळा पट्टा दोन महिने रेल्वेने तुटला. मोटरवे एक्सेटरलाच संपतो, पुढे ए३० या रस्त्यावर उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगाच रांगा, म्हणून सामानाचा ट्रक शनिवारी अजिबात नेऊ नका.

किनारा_किनारा:
कामाचं स्पष्ट सांगते, पर्यटन सगळ्यात जास्त दिसतं पण त्यातलं बरंचसं काम सीझनपुरतं आणि पगार कमी. त्यापेक्षा कौन्सिल, हॉस्पिटल, शाळा इथे बघा, फॅलमथला युनिव्हर्सिटी आणि गोदी आहे, सेंट ऑस्टेलकडे चिनी मातीच्या खाणी अजून चालतात, तिथले पांढरे ढिगारे लांबूनच दिसतात. न्यूलिनला मासेमारी. घर मात्र आत्तापासूनच शोधायला लागा, बाहेरच्या लोकांनी सुट्टीपुरती घरं घेऊन ठेवलीत आणि तिथेच जन्मलेल्या पोरांना भाड्याने खोली मिळत नाही, हे बघून खरंच जीव तुटतो. २०१६ मध्ये सेंट आइव्ह्जच्या लोकांनी मतदान करून नवीन घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच विकायची असा नियम करून घेतला.

नवा_मुक्काम:
खूप आभार सगळ्यांचे. कारने आलो तर टेमरवरच्या रस्त्याच्या पुलावर टोल आहे का?

रूळप्रेमी:
आहे, पण फक्त कॉर्नवॉलमधून बाहेर पडताना. आत येताना काही द्यावं लागत नाही.