शुल्झ एकहाती काढायचा, म्हणून आपल्या पोरांनीही तसंच काढायचं?

पंचगंगाकाठ:
कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्या पोरांपुढं अमेरिकन व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झचा आदर्श ठेवतात. त्याची वर्तमानपत्रातली चित्रपट्टी 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० ला सुरू, शेवटची पट्टी १३ फेब्रुवारी २००० ला, एकूण १७,८९७. पेन्सिलपासून अक्षरांपर्यंत सगळं स्वतः. मला हे पटत नाही. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या, सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम हे सिनेमावाले जिथं तयार झाले, त्या गावात मदतनीस ठेवणं कमीपणाचं कधीपासून झालं?

टाकदौत:
पडद्यावरचं आभाळ कुणीही भरावं. 'पीनट्स'मधल्या चार्ली ब्राउनचं डोकं म्हणजे एक गोल आणि डोळ्यांचे दोन ठिपके. ठिपका अर्धा मिलिमीटर हलला की रुसलेला पोरगा बावळट दिसतो. शुल्झ टाकाला एस्टरब्रूक कंपनीची ९१४ नंबरची निब वापरायचा. कंपनी बंद होतेय म्हटल्यावर उरलेला साठाच उचलला त्यानं. निब बदलायची ज्याला धास्ती, तो हात कशाला बदलेल?

पंचगंगाकाठ:
अर्धंच सांगताय. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डेल या प्रकाशनाच्या 'पीनट्स' कॉमिक पुस्तकांतल्या गोष्टी जिम सॅसव्हिल वगैरेंनी काढल्यात. एकहाती होती ती वर्तमानपत्रातली पट्टी. १९८१ च्या बायपासनंतर हात थरथरायला लागला, तरी पट्टी काढणं सोडलं नाही. हा छळच की.

टाकदौत:
ती थरथरती रेघ गवतावर आणि पावसावर बघा, मग छळ म्हणा.

शिरोरेषा:
दोघंही हातावरच अडलाय. कामाचे कुठले तुकडे वाटता येतात ते बघा ना.

चौकटी बिनधास्त वाटा. 'पीनट्स' चार सारख्या चौकटींत विकली गेली, कारण संपादकाला ती आडवी, उभी किंवा दोनावर दोन लावता यायची. १९८८ मध्ये शुल्झनं तो साचा सोडला.

अक्षरं मात्र मराठीत जपून. इंग्रजी कॅपिटलच्या ओळी खेटून बसतात. आपल्याला वर मात्रा, खाली उकार. अक्षर ४ मिमी उंच असेल तर दोन शिरोरेषांत ९-१० मिमी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या मात्रेत घुसतो. मूळ चित्र दुप्पट काढलं तर छापताना निम्मं होतं: बारीक अनुस्वार उडतो, शिरोरेषेतली फट बुजून 'भ' आणि 'म' सारखेच दिसतात. म्हणून आधी अक्षरं, मग फुगा, मग पात्रं. अक्षरं शेवटी दुसऱ्याकडं दिली की फुगा कुणाच्या तरी डोक्यावर चढलाच.

आणि जुलैत इथला कागद ओल धरतो, टाकाची रेघ फुटते. गुळगुळीत कार्ड घ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, निब दर दोन-चार रेघांनी पुसा.

पंचगंगाकाठ:
म्हणजे चौकटी आखणं मदतनिसाकडं; शाईनं काळं भरणंही त्याच्याकडंच द्या. माझा मुद्दा आलाच की.

टाकदौत:
चौकटी घ्या, काळं भरणं नको. चार्लीच्या शर्टावरची दातेरी पट्टी भरताना कोपरे गोल झाले की शर्ट दुसऱ्याच कुणाचा वाटतो. ते टोकदार कोपरे मदतनिसाला आधी पन्नासदा काढू दे, मग बोलू.