आजीचं खरं जन्मसाल कसं काढायचं?

फैजपूरची नात:
आजीच्या आधार कार्डावर १९४० आहे, पण ती ठाम सांगते, "मायच्या पोटात होती मी तव्हा फैजपूरले काँग्रेस भरली होती". सातवा महिना चालू असताना तिची माय बैलगाडीत बसून नेहरूंना बघायला गेली म्हणे! लग्न साने गुरुजी गेले त्या सालच्या वैशाखात, सासर अमळनेर तालुक्यात, कोरडवाहू शेती. नव्वदी कधी करायची तेच कळेना, आणि तिचं आयुष्य सालवार लिहून पण ठेवायचंय, ती आहे तोवर.

यावलकर:
ताई, कार्डाचं सोडा, आजीचंच बरोबर वाटतंय. फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ च्या शेवटी, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं, नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी बांबूचे मंडप सजवले होते, आपल्या भागाला केवढा अभिमान त्याचा. सातवा महिना म्हणजे आजी ३७ च्या फेब्रुवारी-मार्चमधली. गुरुजी गेले ११ जून १९५० ला, म्हणजे लग्नात तेरा पूर्ण. कार्ड खरं धरलं तर दहाच होतात. होळीच्या आधीची की नंतरची तेवढं विचारा.

शहाद्याहून:
साल विचारूच नका. आमचे आजोबा साल विचारलं की गप्प, पण नंदुरबारला चले जाव चळवळीत शाळकरी शिरीषकुमारला गोळी लागली तेव्हा केवढे होतात म्हटलं की कमरेएवढा हात धरून दाखवायचे, ते ९ सप्टेंबर १९४२, त्यावरून आम्ही वय काढलं. जुने कागद बघा, जिल्हा 'पूर्व खानदेश' लिहिला असेल तर बहुतेक १९६० च्या आधीचा, नंतर जळगाव झालं. आणि ७२ च्या दुष्काळातली मिलो, म्हणजे रेशनवर मिळायची ती परदेशी लाल ज्वारी, नक्की विचारा.

फैजपूरची नात:
विचारलं! "होळीले मी सव्वा महिन्याची होती, माय तव्हाच बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली." म्हणजे फेब्रुवारी १९३७, नव्वदी २०२७ ला करू. मिलोचं नाव काढलं तर तासभर बोलत बसली, दुष्काळात खडी फोडायच्या कामावर धाकट्या काकांना बाभळीला झोळी बांधून त्यात टाकायची, ती लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही पण पोरांसमोर तोंड वाकडं करता यायचं नाही, कामावर वाटायची ती सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) आली की आधी पोरांना. हे काकांनाही माहीत नव्हतं, ते उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. उद्यापासून मोबाइलवर रेकॉर्ड करते.